फांद्यांच्या डावीकडे

फोन वाजला तेव्हा कॅप्टन ओस्मो रेइनिक्का चुलीपाशी बसून स्वतःचा मोजा रफू करत होता. बायको गेल्यापासून हे काम त्याच्याकडे आलं होतं आणि ते त्याला जमत नव्हतं.

"रेइनिक्का? ताबडतोब उल्पुला तळ्यावर या." आवाज मेजर तारास्तीचा होता. "हिर्विसालोचं विमान उतरताना फुटलं."

"मेला?"

"जिवंत आहे. दोन्ही पाय कापावे लागले. आणि हा अपघात नाही, घातपात आहे. गुन्हेगार माझ्या ताब्यात आहे. तुम्ही फक्त कागद पुरे करा. परवा कोर्ट मार्शल बसेल, दुपारपर्यंत गोळी घालून मोकळे होऊ."

"गुन्हेगार कोण?"

"एक बाई."

रेइनिक्काने सुई मोज्यात तशीच खोचली आणि कोट चढवला.

लढाईआधी तो गावाकडचा पोलीस अधिकारी होता. आता हवाई दलाच्या विमानांचे उतरतानाचे अपघात तपासायचा. स्की मोडली, इंजिन बंद पडलं, पोरगा घाबरला, असलीच कारणं निघत. पण वाल्तो हिर्विसालो म्हणजे साधं नाव नव्हतं. रशियाशी पहिली लढाई झाली तेव्हा हा नुकता शिकून आलेला पोरगा. पहिल्याच आठवड्यात त्याने एक बॉम्बफेकी विमान पाडलं. दुसऱ्या लढाईत तर वर्तमानपत्रांनी मोजदाद ठेवायला सुरुवात केली. शाळेतल्या मुली वहीच्या पुठ्ठ्यावर त्याचं चित्र चिकटवत. येत्या रविवारी त्याच्या छातीवर सर्वांत मोठा शौर्याचा क्रॉस लागणार होता.

आणि ते सगळं तळ्यावरच्या खडकावर उलटं होऊन पडलं होतं. शेपटी आभाळाकडे.

थंडीत उल्पुला तळं गोठलं की तेच विमानतळ होई. विमानांची चाकं काढून स्की लावत. खाली पांढरं, वर पांढरं. वरून येणाऱ्याला जमीन कुठे सुरू होते तेही कळत नसे. म्हणून बर्फात स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या झाडाच्या, फांद्यांची लांब रांग रोवलेली असे. रांग डाव्या हाताला ठेवायची आणि तिच्या कडेने उतरायचं. गोठलेल्या तळ्यांवरच्या वाटाही या देशात अशाच फांद्यांनी दाखवतात. पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हेच सांगतात, बर्फावर फांद्या सोडायच्या नाहीत.

मेजर तारास्ती फेऱ्या मारत वाट बघत होता. गोल, गुळगुळीत दाढी केलेला माणूस.

"नीट समजून घ्या," तो म्हणाला. "ही फांद्यांची रांग. तिच्या उजवीकडे उतरायची पट्टी. पट्टीच्या पलीकडे तो काळसर बर्फ दिसतो? तिथे खालून ओढा वाहतो. वरचा बर्फ बोटभर. माणूससुद्धा आत जाईल. आणि रांगेच्या डावीकडे खडक. वरून बर्फ साचलाय, दिसत नाहीत."

"विमान डावीकडच्या खडकावर पडलंय."

"हो. आता इकडे या."

त्याने रेइनिक्काला पट्टी ओलांडून उजवीकडे नेलं, काळ्या बर्फाच्या काठापर्यंत. तिथे बर्फात ओळीने खड्डे होते. खड्ड्यांत स्प्रूसच्या सुया गळून पडल्या होत्या.

"कळलं? कुणीतरी रांग उचलून इथे आणून लावली होती. म्हणजे रांग डाव्या हाताला धरून जो उतरेल तो थेट ओढ्यात. नंतर ती परत मूळ जागी लावली. आणि परत कुणी लावली ते ती बाई स्वतःच्या तोंडाने कबूल करते."

"मग हिर्विसालो ओढ्यात कसा नाही पडला?"

"अहो, हवा वाईट होती. गोंधळला असेल."

"बुडवायला उजवीकडे नेलेला माणूस डावीकडे आपटला."

"तुम्ही शब्दात पकडू नका मला, रेइनिक्का!"

रेइनिक्काने मासेमारीच्या जाळ्याचा दोर मागवला. दोन शिपायांना धरायला लावला. आधी त्या खड्ड्यांपासून मूळ रांगेपर्यंत दोर ताणला आणि तिथे गाठ मारली. मग हिर्विसालोच्या स्कीने बर्फाला पहिल्यांदा जिथे ओरखडा काढला होता तिथे गेला. तिथून, विमान एरवी जिथे टेकायला हवं होतं त्या पट्टीच्या मध्यापर्यंत तोच दोर ताणला.

गाठ बरोबर पट्टीच्या मध्यावर आली.

"योगायोग," मेजर म्हणाला.

"असेल."

मग तो रांगेतल्या पहिल्या फांदीपाशी गुडघ्यावर बसला आणि हाताने बर्फ बाजूला केला. फांदी नुसती बर्फात खोचलेली होती. तिच्या शेजारीच, खाली घट्ट गोठलेल्या भोकात, बोटभर बुडखा उरला होता. तिरका कापलेला. पुढच्या फांदीपाशीही तसाच. त्याच्याही पुढे तसाच.

"चाकू," तो स्वतःशी म्हणाला.

बाईला तळ्याकाठच्या साउनात, वाफेच्या न्हाणीघरात, कोंडलं होतं. चूल थंड होती. सायमी रुओकोला बाकावर ताठ बसली होती. काळा कोट, काळा रुमाल, चर्चला जायचे बूट. लष्कराच्या मदतीला असलेल्या लोट्टा बायकांपैकी ती एक. वैमानिकांचा स्वयंपाक करायची, आणि घर काठावरच असल्यामुळे फांद्यांची राखणही तिच्याकडे होती.

"तुम्हीपण मेजरसारखे ओरडणार का?" तिने विचारलं.

"माझा घसा बसतो."

"मग बसा. साउनात गारठून मेलेली पहिली बाई बघायची असेल तर थोडं थांबावं लागेल."

"फांद्या तुम्ही हलवल्या?"

"परत लावल्या. कितीदा सांगू? विमानं पलीकडच्या खाडीतून उडाली, तो आवाज ऐकला आणि मी फेरीला निघाले. नुकतं फटफटत होतं. बघते तर उतरायच्या टोकाची रांग ओढ्याच्या काठाला!"

"उडताना त्यांना हे दिसलं नसतं?"

"कसं दिसेल? विमानं रात्री खाडीत झाडांखाली ठेवतात, तिथूनच उडतात. या पट्टीवर फक्त उतरतात."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? ती पोरं परत यायच्या आत फांद्या जागेवर लागायला हव्या होत्या. मेजरसाहेबांना झोपेतून उठवून, त्यांची दाढी होईपर्यंत थांबले असते तर दोघंही पाण्यात गेली असती."

"तुम्ही फांदी काढता कशाने?"

"पहारीने. फांदी रोवली की भोकात पाणी ओततो, ती दगडासारखी गोठते. पहारीने बर्फ फोडल्याशिवाय निघत नाही. माझी पहार मेजरांनी पुरावा म्हणून नेली. आज बघितल्या तर बुडख्याशी कापलेल्या. चाकूने कापत कोण बसेल? ज्याच्याकडे पहार नाही तो."

"आज हे चर्चचे कपडे?"

तिने कोटाची बाही सारखी केली. "ओत्तोला आज वर्ष झालं."

ओत्तो तिचा नवरा. याच तुकडीत मेकॅनिक होता. मागच्या हिवाळ्यात हिर्विसालोचं विमान उतरताना त्याची स्की ओत्तोला लागली आणि तो जागीच गेला. चौकशीत लिहिलं गेलं की ओत्तो दारू पिऊन पट्टीवर भटकत होता.

"दारू!" सायमी म्हणाली. "त्याला ताकसुद्धा पचत नव्हतं. पण मेजरांची सही आहे ना कागदावर. गावात मी दारुड्याची विधवा. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायला बायका नको म्हणतात."

"म्हणजे हिर्विसालोचा तुम्हाला राग आहे."

"आहे. रोज त्याला सूप वाढते आणि रोज राग करते. अहो कॅप्टन, मारायचाच असता तर सूप होतं की. एवढ्या थंडीत फांद्या वाहायला कोण जाईल?"

रेइनिक्काला हसू आलं, ते त्याने दाबलं नाही.

"आज तुम्ही फेरीला जाणार हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. मी सुट्टी घेतली होती. कालच जेवताना सगळ्यांसमोर मेजरांना विचारलं. पहाटेच घसरगाडीने चर्चला निघणार होते. पण पाय निघेना. म्हटलं, एकदा फांद्या बघून जाऊ."

बाहेर मेजरने विचारलं, "रडली?"

"नाही."

"बघा! नवरा मेला तेव्हाही रडली नव्हती. दगड आहे नुसती."

"माझी बायको ऑक्टोबरात गेली," रेइनिक्का म्हणाला. "मी त्या दिवशी फाटकाची बिजागरी बसवली. मोडलीच होती."

मेजर पुन्हा फेऱ्या मारायला लागला.

सार्जंट पुर्सियाला स्वयंपाकाच्या झोपडीत चिकोरीची कॉफी पीत होता. लांब हातपायांचा, लाल कानांचा तरुण. हिर्विसालोचा जोडीदार. दोन विमानं जात, पुढे हिर्विसालो, मागे हा.

"आज आधी कोण उतरलं?"

"मी, साहेब. नेहमी मीच. शत्रू मागून आला तर म्हणून लेफ्टनंट वर घिरट्या घालतात."

"फांद्या?"

"डाव्या हाताला. दुसरं दिसतं काय तिथे? लोण्यासारखा उतरलो. बर्फाचा असा भुगा उडाला की बस्स. त्यातूनच विमान सरळ झाडांखाली घातलं."

"मग?"

पुर्सियाला हसला. "मग गंमतच झाली. उतरून सिगारेट पेटवतोय तोच बिनतारीवाला बोंबलत आला, दोर आणा, दोर आणा, पुर्सियाला बुडाला! म्हटलं, अरे गाढवा, मग तुझ्याशी बोलतंय कोण?"

"तू बुडालास असं त्याला कुणी सांगितलं?"

"लेफ्टनंटनी, वरून. 'दोन नंबर पाण्यात गेला, माणसं पाठवा.' भुग्यामुळे तसं वाटलं असणार."

"तू सुखरूप आहेस हे त्यांना कळवलं?"

"कळवेपर्यंत ते खाली यायला लागले होते. पेट्रोल संपत आलं होतं."

"आणि ते फांद्यांच्या डावीकडे उतरले."

"तेच तर मला कळत नाही, साहेब. एवढा मुरलेला माणूस. नवशिकासुद्धा फांद्या ओलांडत नाही."

रेइनिक्काने त्याच्या कपात कॉफी ओतली. मग विचारलं, "काल तुमचं दोघांचं काय बोलणं झालं?"

कप ओठापाशी थांबला. "काही नाही."

"पुर्सियाला, ती बाई परवा भिंतीला उभी राहील. तिने तुला गेली दोन वर्षं जेवायला घातलंय."

पुर्सियालाने कप खाली ठेवला.

"ओत्तो फांद्या लावत होता," पुर्सियाला म्हणाला. तो कपात बघत होता. "लेफ्टनंटनी त्या दिवशी दोन विमानं पाडली होती. खुशीत होते. रेडिओवर म्हणाले, बघ आता म्हाताऱ्याला कसा पळवतो. त्याच्या डोक्यावरून नेलं विमान. ओत्तो पळाला, पडला, टोपी उडाली. आम्ही काठावर हसत होतो. मीही. मग ते वळले आणि परत आले, आणखी खाली. ओत्तो टोपी घ्यायला वाकला होता."

"आणि दारू?"

"मेजर म्हणाले, देशाला आत्ता वीर हवा आहे, मेकॅनिक खूप मिळतील. बाटली माझ्या हातात दिली. ओत्तोच्या कोटावर मीच ओतली, साहेब. तो अजून गरम होता."

"काल काय झालं?"

"ती ओत्तोच्या स्मृतिदिनाची सुट्टी मागत होती आणि लेफ्टनंट तिच्याकडून आणखी सूप मागून घेत होते. मला सहन झालं नाही. नंतर त्यांना गाठलं. म्हटलं, क्रॉस मिळायच्या आधी तिला खरं सांगा. नाहीतर उद्या ती चर्चमधून आली की मी सांगतो."

"काय म्हणाले?"

"पाठ थोपटली माझी. म्हणाले, शहाणा आहेस. उद्या उतरलो की दोघं मिळून सांगू."

गावातल्या शाळेत इस्पितळ होतं. परिचारिकेने हिर्विसालोचं सामान टेबलावर मांडलं: घड्याळ, चाकू, नकाशा, हातमोजे. हातमोज्यांचे तळवे काळे आणि चिकट होते.

"इंजिनाचं तेल," ती म्हणाली. "बोटांना असे चिकटले होते की कापून काढावे लागले."

रेइनिक्काने हातमोजा नाकाला लावला. तेलाचा वास नव्हता. त्याने तो खिशात घातला आणि मेजरच्या मागोमाग खोलीत गेला.

वाल्तो हिर्विसालो उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर एकही ओरखडा नव्हता. वर्तमानपत्रातल्यापेक्षाही देखणा दिसत होता. गुडघ्यांच्या खाली मात्र पांघरूण गादीला सपाट टेकलं होतं.

"त्या बाईला गोळी कधी घालताय?" त्याने विचारलं. "मला खुर्चीवरून न्या. बघायचंय मला."

"एकच शंका आहे," रेइनिक्का म्हणाला. "उतरताना फांद्या कुठल्या हाताला होत्या?"

"डाव्या. आणखी कुठल्या असणार? तिने हलवल्या म्हणून तर मी आपटलो."

"डाव्या हाताला नव्हत्या. उजव्या हाताला होत्या. विमान त्यांच्या डावीकडे पडलंय."

"बर्फ उडत होता. नीट दिसलं नाही."

"पुर्सियालाला दिसलं."

मेजर खिडकीपाशी उभा होता, तो वळला.

"मेजर, तुम्ही म्हणालात, बाईने फांद्या हलवून हा सापळा लावला," रेइनिक्का म्हणाला. "सापळा होता, हे खरं. पण तो ओढ्याकडे होता, उजवीकडे. त्यात सापडलेला माणूस पाण्यात गेला असता. हा गेला खडकावर. बरं, फांद्या जागेवर होत्या असं धरलं, तर पट्टीवर उतरायला हवा होता. पुर्सियाला उतरला तसा. म्हणजे फांद्या खोट्या असोत की खऱ्या, त्यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूस त्या खडकावर जाऊच शकत नाही. तिथे कोण जाईल? ज्याला वाटतंय की फांद्या खोटं सांगतायत. आणि किती खोटं सांगतायत तेही ज्याला ठाऊक आहे. फांद्या जेवढ्या उजवीकडे सरकवल्या होत्या, बरोबर तेवढाच हा डावीकडे सरकून उतरला. तुमच्यासमोर दोर धरला होता मी."

"बकवास," हिर्विसालो म्हणाला.

"आपल्या देशात कुणी बर्फावर फांद्या सोडत नाही, लेफ्टनंट. नशेत नाही, तापात नाही. तू सोडल्यास. कारण रात्री त्या तूच हलवल्या होत्यास. पुर्सियाला आधी उतरतो हे तुला माहीत. तो ओढ्यात जाईल, त्याच्याबरोबर ओत्तोचं प्रकरणही बुडेल. मग तू फांद्यांकडे लक्ष न देता, दोरभर डावीकडे, खऱ्या पट्टीवर उतरशील. नंतर दोष कुणावर येणार? ओत्तोच्या बायकोवर. दोन कामं एका फेरीत."

"पुरावा?"

"तू वरून काय ओरडलास? दोन नंबर पाण्यात गेला. तो तेव्हा झाडांखाली सिगारेट पेटवत होता. तुला वरून दिसला फक्त बर्फाचा भुगा. पाणी तू पाहिलं नाहीस, लेफ्टनंट. पाणी तुझ्या डोक्यात होतं."

"एवढ्यावर तुम्ही मला..."

रेइनिक्काने खिशातून हातमोजा काढून पांघरुणावर ठेवला, जिथे खाली पाय असायला हवे होते तिथे.

"वास घे. तेल नाही, स्प्रूसचा चीक आहे. बाई फांद्या पहारीने काढते. रात्रीच्या माणसाकडे पहार नव्हती, चाकू होता. एकेक फांदी बुडख्यापाशी कापली. कापली की चीक येतो. तुझा चाकूही बाहेर टेबलावर आहे, त्याचं पातं मी अजून उघडलेलं नाही. आत्ता मेजरांसमोर उघडू?"

मेजरने दारातून बाहेरच्या टेबलाकडे पाहिलं.

"तुझं सगळं बरोबर होतं," रेइनिक्का म्हणाला. "फक्त पहाटे बाईने फेरी मारली. फांद्या परत जागेवर लावल्या. तू खोट्या समजून सोडल्यास त्या फांद्या खऱ्या होत्या."

हिर्विसालोचा चेहरा आधी पांढरा पडला, मग मानेपासून लाल झाला.

"तिला सुट्टी होती!" तो किंचाळला. "काल माझ्यासमोर मागून घेतली होती! ती चर्चला का नाही गेली? मूर्ख बाई! ती चर्चला का नाही गेली?"

परिचारिका दारात येऊन उभी राहिली आणि मेजरने तिला हातानेच घालवलं.

"ठीक आहे," थोड्या वेळाने हिर्विसालो म्हणाला. आवाज खाली आला होता. "गोळी घाला. लवकर घाला. हे असं," त्याने सपाट पांघरुणावर मूठ आपटली, "हे असं घेऊन मी काय करू?"

"कुणी कुणाला गोळी घालणार नाही," मेजर म्हणाला. "वाईट हवेत झालेला अपघात. रविवारी क्रॉस लागेल. मग तुला खुर्चीत बसवून शाळाशाळांत नेऊ. भाषणं करशील. पोरांना असं काही बघायला मिळालं की भरती वाढते."

"नाही!" हिर्विसालो ओरडला. "मेजर, नाही!"

रेइनिक्का मेजरकडे वळला. "बाटली तुम्ही दिली होतीत. मी सगळं लिहिणार आहे."

"लिहा. वरच्यांना वीर हवा आहे, ते कागद खाली दाबतील. ओत्तोच्या बायकोने तक्रार केली तरच कोर्टाला उघडावं लागेल. आणि ती तुमच्या साउनातून अजून बाहेर आलेली नाही."

"माझ्या नाही, तुमच्या," रेइनिक्का म्हणाला आणि किल्ली घ्यायला हात पुढे केला.

त्याने सायमीला गाडीत बसवून सगळं सांगितलं. टोपीचंही सांगितलं, बाटलीचंही, काठावरच्या हसण्याचंही. काही गाळलं नाही. बायकोच्या आजारात डॉक्टर त्याच्यापासून लपवत राहिले होते, त्याचा त्याला अजून राग होता.

सायमीने मध्ये एकच वाक्य म्हटलं. "त्याला टकलाची लाज वाटायची. म्हणून टोपी घ्यायला गेला असेल."

मग म्हणाली, "मला त्याला बघू द्या."

ती काळ्या कोटातच पलंगाशी उभी राहिली. रेइनिक्काने तक्रारीचा कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. यावर सही झाली की लेफ्टनंटवर खटला, खटला झाला की गोळी, हे त्याने साध्या शब्दांत सांगितलं.

"कर सही," हिर्विसालो म्हणाला. त्याने तिच्या कोटाची बाही धरली. "तुला हेच हवं आहे ना? मी मारला त्याला. मजेसाठी मारला. तो कुत्र्यासारखा पळत होता. ऐकतेस ना? कर सही!"

सायमीने बाही सोडवून घेतली.

"गोळीला किती वेळ लागतो, कॅप्टन?"

"क्षणभर."

"मग नको." ती पलंगाकडे वळली. "तू जगशील, वाल्तो. मेजर तुला शाळाशाळांत नेणार आहेत म्हणे. नेऊ देत. पहिल्या शाळेत मी येईन, मागच्या बाकावर बसेन. दुसऱ्या शाळेतही येईन. तू बोलत जा. मी ऐकत जाईन."

"बाई," हिर्विसालो म्हणाला. "सायमी. सायमीबाई, ऐका."

"ओत्तो दारू प्यायलेला नव्हता, एवढं लिहा," ती मेजरला म्हणाली. "त्याच्यावर तुमची सही, आणि ते पाद्रीबुवांनी चर्चमध्ये मोठ्याने वाचायचं. नाहीतर मी या दुसऱ्या कागदावर सही करते."

मेजरने खिडकीच्या कट्ट्यावर वाकून लिहिलं. पेन दोनदा अडलं. सायमीने कागद वाचला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, घडी करून कोटाच्या आत ठेवला.

ते व्हरांड्यात आले तेव्हा मागे हिर्विसालो ओरडायला लागला होता. आधी तिचं नाव, मग मेजरचं, मग नुसतंच. परिचारिका धावत गेली.

सायमीने रुमालाची गाठ घट्ट केली.

"तुमची गाडी तळ्याकडूनच जाणार ना, कॅप्टन? मला घरापाशी सोडा. गाईची धार काढायची राहिलीय. सकाळपासून हंबरत असेल."